क्रॅक न शोधता: डेव्हलपमेंटची साधनं कायदेशीरपणे मोफत मिळवण्याची वाट

स्वतंत्रपणे घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामाचा करार सहीसाठी आला, तेव्हा त्याला एक जोडपत्र होतं: या कामात वापरणार असलेली सगळी सॉफ्टवेअर आणि त्यांची लायसन्स यांची यादी द्यावी. मी उत्साहानं लिहायला बसले. एडिटर, डेटाबेस, कंटेनर चालवायचं साधन, चाचण्यांचं साधन... सहाव्या ओळीवर हात थांबला. एक साधन विद्यार्थिदशेत घेतलेल्या लायसन्सवर चालू होतं. शिक्षण संपून दीड वर्ष झालं होतं, पण कॉलेजचा ईमेल बंद झाला नव्हता म्हणून लायसन्सही बंद पडलं नव्हतं. दुसऱ्या एकाची तीस दिवसांची चाचणी मुदत मी तीन वेगवेगळ्या ईमेलवर तीनदा ‘वाढवून’ घेतली होती. आपण काही चुकीचं करतोय असं तोवर एकदाही मनात आलं नव्हतं.

दोन संध्याकाळी बसून ती यादी नीट केली. गंमत म्हणजे त्यासाठी एक पैसाही लागला नाही. प्रत्येक साधनाला कायदेशीर मोफत वाट किंवा तोडीस तोड पर्याय होता, मीच कधी शोधला नव्हता. तेव्हा ज्या क्रमानं गेले, साधारण त्याच क्रमानं इथे लिहिते आहे.

पायरी १: आधी स्वतःबद्दल पाच ओळी लिहा

‘अमुक सॉफ्टवेअर फुकट आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. तोच प्रोग्रॅम विद्यार्थ्याला मोफत, एकट्या डेव्हलपरला मोफत आणि तीनशे माणसांच्या कंपनीला विकतचा असू शकतो. म्हणून सॉफ्टवेअरच्या पानावर जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहून काढा:

- वापरणार कोण? विद्यार्थी, शिक्षक, एकटा व्यावसायिक की कंपनी?
- कशासाठी? शिकायला, छंद म्हणून, मुक्त प्रकल्पासाठी की पैसे मिळवायला?
- संस्था असेल तर माणसं किती, संगणक किती, वर्षाचं उत्पन्न साधारण किती?
- काम दुसऱ्या कुणासाठी असेल तर ती संस्था केवढी आहे?
- सॉफ्टवेअर फक्त तुमच्या मशीनवर चालणार की ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवरही?

चौथ्या ओळीपाशी बरेच जण फसतात. ‘मी तर एकटाच आहे’ म्हणून मोकळं होता येत नाही. मोठ्या कंपनीसाठी कंत्राटावर काम करत असाल तर बऱ्याच लायसन्समध्ये त्या कंपनीचा आकार मोजला जातो, तुमचा नाही.

पायरी २: मोफत आणि मुक्त यांची गल्लत टाळा

इंग्रजीत एकाच शब्दात कोंबलेले दोन अर्थ आपल्याकडे सुदैवानं वेगळे आहेत. मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे सोर्स कोड उघडा आहे आणि तो वापरायचा, बदलायचा, वाटायचा हक्क लायसन्सनंच दिला आहे. एमआयटी, अपाचे, जीपीएल ही मुक्त लायसन्स. त्यांत ‘धंद्यासाठी वापरू नका’ अशी अट नसते, आणि उद्या कंपनीचं मन फिरलं तरी आज मिळालेली आवृत्ती तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

मोफत-पण-मालकीचं सॉफ्टवेअर म्हणजे कंपनीची मर्जी. ती मर्जी बहुधा टिकते, पण तिला अटी असतात. तिसरा प्रकार अलीकडचा: कोड दिसतो, पण लायसन्स मुक्त नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशीकॉर्प या कंपनीनं टेराफॉर्म हे क्लाउडवरचे सर्व्हर उभारायचं साधन अशाच बिझनेस सोर्स लायसन्सखाली नेलं. त्यानंतर जुन्या मुक्त कोडवरून ओपनटोफू ही शाखा निघाली. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कोड दिसतोय म्हणजे वापरायला मोकळीक आहे, असं धरून चालू नका. लायसन्सची फाइल उघडून बघा.

जीपीएलबद्दल एक भीती नेहमी ऐकू येते: ‘जीपीएलखालच्या जीसीसी कंपायलरनं (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनानं) कंपाइल केलं तर माझा कोडही उघडा करावा लागेल.’ तसं नाही. कंपायलर वापरल्यानं तुमच्या प्रोग्रॅमवर जीपीएल लागू होत नाही. जीपीएलची लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅममध्ये जोडून तो प्रोग्रॅम वाटलात, तर मात्र प्रश्न येतो. साधन आणि घटक यांत हा फरक आहे.

पायरी ३: मुक्त पर्यायानं काम भागतं का ते पाहा

इथे फार रेंगाळायचं कारण नाही, कारण निम्मी अवजारं आधीच मुक्त आहेत. गिट, पायथन, नोड, जीसीसी, एलएलव्हीएम, पोस्टग्रेएसक्यूएल, एक्लिप्स. डेटाबेस उघडून बघायला डीबीव्हरची कम्युनिटी आवृत्ती, गेमसाठी गोडो, मॅटलॅबसारख्या गणितासाठी ऑक्टेव्ह. धंद्याला वापरा, दहा जणांत वापरा, कुणी विचारणार नाही.

व्हीएस कोड या एडिटरची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याचा सोर्स कोड एमआयटी लायसन्सखाली आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवता ती तयार फाइल कंपनीच्या स्वतःच्या लायसन्सखाली येते. व्यावसायिक कामाला ती चालते, त्यामुळे बहुतेकांचं काहीच अडत नाही. कोडपासून बनवलेला निव्वळ मुक्त एडिटर हवा असेल तर व्हीएसकोडियम घ्या. तिथे एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायच्या जादा सोयी) ओपन व्हीएसएक्स या वेगळ्या भांडारातून येतात, कारण मायक्रोसॉफ्टचं भांडार आणि पायलान्ससारखी काही एक्स्टेन्शन फक्त त्यांच्याच उत्पादनांत वापरायची परवानगी आहे. त्याच कोडवरून निघालेल्या दुसऱ्या एडिटरमध्ये एखादं एक्स्टेन्शन सापडत नसेल, तर दोष तुमच्या इंटरनेटचा नसतो.

पायरी ४: कम्युनिटी आवृत्ती, आणि तिची रेघ नक्की कुठे

कम्युनिटी आवृत्ती म्हणजे विकतच्या साधनाचीच मोफत आवृत्ती. सगळ्यात मोठा खजिना इथे आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

उदाहरणच द्यायचं तर व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी, मायक्रोसॉफ्टचा आयडीई (कोड लिहिणं, चालवणं, चुका शोधणं एकाच जागी करायचं साधन). २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ती आली, तोवर त्या ताकदीचा व्हिज्युअल स्टुडिओ विकतच घ्यावा लागे. एकट्या डेव्हलपरला ती पूर्ण मोफत आहे. त्यात बनवलेलं अॅप विकलंत तरी हरकत नाही. संस्थांसाठी मात्र अटी आहेत. वर्गात शिकवणं, शैक्षणिक संशोधन आणि मुक्त प्रकल्प यांना माणसांची मर्यादा नाही. बाकी कामासाठी लहान संस्थेत एका वेळी पाच जणांपर्यंत. संस्थेत २५० हून जास्त संगणक असतील किंवा वर्षाचं उत्पन्न १० लाख डॉलरच्या वर असेल, तर वरचे तीन अपवाद सोडून कुणालाच नाही, कंत्राटावरच्या माणसालाही नाही. ‘किंवा’ हा शब्द इथे जपून वाचायचा. संगणक चाळीसच असले तरी उत्पन्न जास्त असेल तर संस्था मोठीच धरली जाते.

आयडीई बनवणाऱ्या जेटब्रेन्स या कंपनीकडे दोन वेगळ्या वाटा आहेत. इंटेलिजे आयडियाचा मूळ भाग २००९ पासून अपाचे लायसन्सखाली मुक्त आहे. जावा आणि कॉटलिनच्या व्यावसायिक कामालाही तो बिनधास्त वापरा. दुसरी वाट ऑक्टोबर २०२४ पासूनची: त्यांचे वेबस्टॉर्म आणि रायडर हे आयडीई बिगर-व्यावसायिक वापराला मोफत झाले, पुढे २०२५ मध्ये सीलायनही. शिकणं, छंद, शिकवणीचे व्हिडिओ बनवणं, पैशांचा लाभ नसलेलं मुक्त प्रकल्पाचं काम, हे सगळं त्यांच्या व्याख्येत बसतं. ग्राहकाचं काम बसत नाही. शिवाय या लायसन्सवर निनावी वापर-आकडेवारी कंपनीकडे जाते आणि ती बंद करता येत नाही. मला हा सौदा रास्त वाटतो, पण डोळे उघडे ठेवून करावा.

काही ठिकाणी रेघ उत्पन्नावर असते. डेल्फी या अॅप बनवायच्या साधनाची कम्युनिटी आवृत्ती वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी आहे, म्हणजे धंदा जरा चालला की ती सोडावी लागते. गेम बनवायच्या युनिटीच्या पर्सनल आवृत्तीची मर्यादा युनिटी ६ पासून २ लाख डॉलर आहे. अनरियल इंजिनमध्ये गेमला सुरुवातीला काहीच द्यावं लागत नाही. त्या गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेली की पुढच्या रकमेवर ५ टक्के रॉयल्टी. पहिल्या दोघांत तुम्ही मोठे झालात की लायसन्स बदलतं, तिसऱ्यात गेम मोठा झाला की वाटा द्यावा लागतो. आपला धंदा कुठल्या प्रकारचा, हे पाहून निवडा. दोन वर्षांचा कोड एका साधनावर बेतून झाल्यावर निवड बदलायला फार महागात पडते.

पायरी ५: शिकत असाल तर दार उघडंच आहे

विद्यार्थ्यांना अनेक साधनं मोफत देणारा गिटहबचा स्टुडंट डेव्हलपर पॅक २०१४ पासून आहे. तेरा वर्षांवरचा, मान्य शिक्षणसंस्थेत शिकणारा कुणीही अर्ज करू शकतो. संस्थेचा ईमेल असेल तर काम सोपं. नसेल तर ओळखपत्राचा किंवा प्रवेशाच्या कागदाचा फोटो लागतो. फोटोत नाव, संस्था आणि चालू वर्षाची तारीख तिन्ही स्पष्ट दिसायला हवीत, आणि गिटहबच्या खात्यावरचं नाव कागदावरच्या नावाशी जुळायला हवं. आधी प्रोफाइल दुरुस्त करा, मग अर्ज.

जेटब्रेन्सचं विद्यार्थी-शिक्षक लायसन्स वर्षाचं असतं आणि पात्रता असेपर्यंत दरवर्षी नव्यानं मिळतं. मायक्रोसॉफ्टचं अॅझ्युअर फॉर स्टुडंट्स १०० डॉलरचं क्रेडिट देतं आणि क्रेडिट कार्ड मागत नाही. ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची, कारण क्लाउडच्या बाकीच्या अनेक मोफत योजनांत कार्ड जोडलेलं असतं आणि विसरून चालू राहिलेल्या एका मशीनचं बिल येऊ शकतं. कार्ड जोडायचीच वेळ आली, तर खातं उघडल्या दिवशीच खर्चाची सूचना लावून ठेवा.

एक मात्र ध्यानात ठेवा. जेटब्रेन्ससारखी शैक्षणिक लायसन्स शिकण्यासाठी असतात, सुट्टीत घेतलेल्या पैशांच्या कामासाठी नाही. माझी चूक तीच होती.

पायरी ६: मुक्त प्रकल्प सांभाळत असाल तर अर्ज करा

ही वाट फार थोडे वापरतात, बहुधा ‘आपला प्रकल्प तो केवढा’ या संकोचानं. मुख्य जबाबदारी सांभाळणाऱ्यांना जेटब्रेन्स सगळी साधनं देते. प्रकल्प बिगर-व्यावसायिक हवा, मुक्त लायसन्सखाली हवा आणि निदान तीन महिने त्यावर सतत काम चालू असलं पाहिजे. सार्वजनिक रेपॉझिटरीला (प्रकल्पाचा कोड ठेवलेल्या जागेला) गिटहबची नेहमीची स्वयंचलित बिल्डयंत्रणाही मोफत आहे. अर्जाआधी रेपॉझिटरीत लायसन्सची फाइल आहे ना, ते तपासा. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसत असला तरी कायद्यानं तो मुक्त ठरत नाही.

पायरी ७: डेव्हलपर आवृत्ती आणि चाचणी मुदत

महागड्या सर्व्हर सॉफ्टवेअरला एक अधिकृत मागचं दार असतं. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची डेव्हलपर आवृत्ती २०१६ पासून मोफत आहे आणि तिच्यात सगळ्यात महाग एंटरप्राइझ आवृत्तीची सगळी वैशिष्ट्यं आहेत. अट एकच: बनवायला आणि चाचणीला वापरा, प्रत्यक्ष ग्राहकांच्या कामाला नाही. मोह होतो तो इथेच. चाचणीचा सर्व्हर चांगला चाललाय, उद्या हाच लाइव्ह करू! तसं करायचं नाही. एक्स्प्रेस आवृत्ती प्रत्यक्ष कामालाही चालते. २०२२ च्या आवृत्तीत दर डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती पुरणार नसेल तर डेव्हलपर आवृत्तीच्या खास सोयींवर कोड बेतूच नका, नाहीतर लाइव्ह जायच्या आदल्या आठवड्यात कळेल की ती सोय एक्स्प्रेसमध्ये नाही.

रेड हॅट लिनक्सचं वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन त्या मानानं उदार आहे. एका व्यक्तीला १६ मशीनपर्यंत, आणि २०२१ पासून छोट्या प्रत्यक्ष कामालाही.

चाचणी मुदत ही वेगळी चीज. विंडोज सर्व्हरची मूल्यमापन आवृत्ती १८० दिवस चालते, जेटब्रेन्सची व्यावसायिक साधनं ३०. ती मुदत निर्णय घेण्यासाठी असते. पुन्हापुन्हा नव्या नावानं नोंदणी करून ती ताणणं म्हणजे करार मोडणंच. सब्लाइम टेक्स्ट हा एडिटर मुदत न लावता चाचणी देतं, पण कायम वापरायचं तर लायसन्स घ्या असं स्पष्ट लिहितं. सूचनेची खिडकी बंद करता येते म्हणून ते मोफत ठरत नाही.

पायरी ८: मोफत वाटणारे सापळे

या चौघांवर मी मुद्दाम बोट ठेवते, कारण चांगल्या चांगल्या टीम इथे अडकतात.

व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवायचं साधन) स्वतः मुक्त आहे. त्याच्याच पानावर शेजारी मिळणारा एक्स्टेन्शन पॅक मुक्त नाही. तो वैयक्तिक, शैक्षणिक आणि मूल्यमापनाच्या वापरापुरता मोफत आहे. ऑफिसच्या मशीनवर सवयीनं दोन्ही टाकले की झालं. त्याऐवजी व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो बघा, ते नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरालाही मोफत आहे.

डॉकर डेस्कटॉप या कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा) चालवायच्या साधनाचे नियम ऑगस्ट २०२१ मध्ये बदलले. संस्थेत २५० हून कमी कर्मचारी आणि वार्षिक उत्पन्न १ कोटी डॉलरहून कमी, या दोन्ही अटी पाळल्या तरच व्यवसायाला मोफत. इथे ‘आणि’ आहे, व्हिज्युअल स्टुडिओच्या रेघेत ‘किंवा’ होता, पण अर्थ तोच: दोन्हींतली एक मर्यादा ओलांडली तरी मोफत नाही. खालचं डॉकर इंजिन मात्र अपाचे लायसन्सखाली आहे, म्हणून लिनक्सवर थेट तेच वापरता येतं. नाहीतर पॉडमन हा मुक्त पर्याय आहेच.

पायथनची तयार पॅकेज पुरवणाऱ्या अॅनाकोंडाच्या अटी २०२० पासून मोठ्या संस्थांसाठी सशुल्क झाल्या. २०० माणसांच्या वर असाल तर त्यांच्या भांडारातून पॅकेज घ्यायलाही पैसे लागतात. मिनीफोर्ज बसवलंत तर पॅकेज बसवायचं साधन, कोंडा, तेच राहतं, पॅकेज कोंडा-फोर्ज या समूहाच्या भांडारातून येतात.

आणि जावा. भाषा तीच, कोड जवळजवळ तोच, पण फाइल कुठून घेतली त्यावर लायसन्स ठरतं. ओरॅकलचा जेडीके (जावात प्रोग्रॅम बनवायचा संच), आवृत्ती १७, सप्टेंबर २०२१ मध्ये मोफत लायसन्सखाली आला, आणि त्याच लायसन्सच्या अटीनुसार २०२४ च्या सप्टेंबरनंतर त्याचे नवे अपडेट व्यावसायिक वापराला सशुल्क झाले. स्वयंचलित अपडेट चालू ठेवलेल्या मशीनवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. टेमुरिन किंवा कोरेटो घ्या. दोन्ही ओपनजेडीके या मुक्त कोडपासून बनवलेल्या तयार प्रती आहेत आणि दोन्ही मोफत.

पायरी ९: लायसन्स दहा मिनिटांत वाचायची युक्ती

पूर्ण दस्तऐवज वाचायला कुणालाच वेळ नसतो. मी पान उघडते आणि ब्राउझरच्या शोधपट्टीत पाच शब्द इंग्रजी स्पेलिंगनं टाकते: कमर्शियल, प्रॉडक्शन, ऑर्गनायझेशन, इव्हॅल्युएशन आणि रेव्हेन्यू. जिथे सापडतील तिथला पूर्ण परिच्छेद वाचायचा, फक्त ते वाक्य नाही. मग पायरी १ चा कागद शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघायची. विक्रीच्या पानावरच्या ‘फ्री’ या ठळक शब्दाला काडीची किंमत देऊ नका. बांधील असतो तो लायसन्सचा मजकूर.

मजकूर संदिग्ध वाटला तर कंपनीला लिहून विचारा. ‘मी एकटी काम करते, माझ्या ग्राहकाकडे इतकी माणसं आहेत, मला ही आवृत्ती वापरता येईल का?’ एवढं पुरतं. कराराच्या वेळी अशाच एका मेलला मला दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं होतं.

पायरी १०: मूळ जागेवरूनच उतरवा

कायदेशीर सॉफ्टवेअर चुकीच्या जागेवरून घेतलं तरी घात होतो. सप्टेंबर २०१५ मध्ये एक्सकोडघोस्ट उघडकीला आलं. अॅपलचं अॅप बनवायचं साधन एक्सकोड मुळात मोफतच, पण चीनमध्ये तो अधिकृत सर्व्हरवरून फार सावकाश उतरायचा, म्हणून अनेक डेव्हलपरनी तो फाइल शेअरिंगच्या साइटवरून घेतला. ती प्रत बदललेली होती. तिच्यात बनवलेल्या अॅपमध्ये घातक कोड आपोआप शिरला आणि ती अॅप अॅपलच्या स्टोअरवर पोचली. त्यांत वीचॅटही होतं. डेव्हलपरनी लिहिलेल्या ओळींत काहीच वावगं नव्हतं, बिघाड अवजारात होता. क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी मोडलेली प्रत, वापरणारा तर ही जोखीम स्वतःहून पत्करतो.

म्हणून शोधयंत्रातल्या जाहिरातीवर क्लिक न करता पत्ता स्वतः टाइप करा किंवा सिस्टीमच्या पॅकेज मॅनेजरमधून घ्या. साइटवर एसएचए-२५६ चा आकडा (फाइलचा जणू बोटाचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) दिला असेल तर तो जुळवा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा आणि पुढे फाइलचं नाव, एवढंच. येणाऱ्या ६४ अक्षरांतली पहिली आणि शेवटची चार बघून समाधान मानू नका. दोन्ही ओळी एकाखाली एक चिकटवा, फरक असला तर लगेच दिसतो.

पाचदहा डॉलरला मिळणाऱ्या ‘अस्सल’ लायसन्स-कीपासूनही (सॉफ्टवेअर सुरू करायच्या सांकेतिक क्रमांकापासूनही) लांब राहा. त्या बऱ्याचदा कुठल्यातरी संस्थेच्या सामूहिक लायसन्समधून फुटलेल्या असतात. की चालते, पण वापराचा हक्क तुम्हाला मिळत नाही.

पायरी ११: एक फाइल ठेवा

साधा तक्ता पुरे: नाव, आवृत्ती, लायसन्सचा प्रकार, कुठल्या अटीवर मोफत, घेतल्याची तारीख, संपण्याची तारीख. त्याच फोल्डरमध्ये त्या दिवशीच्या लायसन्स पानाची पीडीएफ आणि कंपनीच्या उत्तराचा मेल. पानं बदलतात, तुम्ही स्वीकारलं तेव्हा काय लिहिलं होतं हे नंतर दाखवता आलं पाहिजे. संपण्याच्या तारखेआधी महिनाभर कॅलेंडरमध्ये आठवण लावा, आणि उत्पन्नाची अट असलेल्या साधनांसमोर तो आकडाच लिहा, म्हणजे वर्षाचा हिशेब करताना नजर आपोआप तिकडे जाईल.

माझ्या तक्त्यात सध्या सतरा ओळी आहेत. त्यांतली एकच विकतची आहे, तीही मोफत आवृत्तीची रेघ ओलांडली म्हणून घ्यावी लागलेली.